कारकुनांचा वाडा

ईस्ट इंडिया कंपनीच्या दप्तरी ‘रायटर’ म्हणजे लेखक नव्हे, कारकून. विलायतेहून सोळा-सतरा वर्षांची पोरे या पदावर येत आणि खर्डेघाशीपासून सुरुवात करत. त्यांच्यासाठी १७७७ मध्ये कलकत्त्यात लाल दिघी तळ्याच्या उत्तरेला जी लांबलचक इमारत उभी राहू लागली, तिचे नाव पडले रायटर्स बिल्डिंग. जागा जुन्या सेंट अ‍ॅन चर्चची, बांधणारा थॉमस लायन, मूळचा सुतार. पहिले रूप अगदी बोडके होते, बराकीसारखे. आयोनिक खांबांचा व्हरांडा १८२१ मध्ये आला. आज दिसणारा लाल विटांचा दर्शनी भाग आणि माथ्यावरचे ग्रीक-रोमन देव तर त्याहून पुढचे, बंगालचे सचिवालय इथे आल्यानंतरचे. मिनर्व्हा, झ्यूस, हर्मीस, डिमीटर यांच्या पहाऱ्यात बाबूलोक फायली सरकवत राहिले. ही थट्टा बांधणाऱ्यांच्या लक्षात आली नसावी.

मराठी वाचकाने मात्र इथे जरा जास्त थांबावे. लॉर्ड वेलस्लीने १८०० मध्ये फोर्ट विल्यम कॉलेज काढले. या पोरसवदा कारकुनांना देशी भाषा आल्याशिवाय राज्य चालणार नाही, हा त्यामागचा रोकडा हिशेब. कॉलेज बरीच वर्षे याच इमारतीत भरे. तिथे बंगाली आणि संस्कृतबरोबर मराठी शिकवायला होता विल्यम कॅरी, इंग्लंडात चांभारकाम करून आलेला मिशनरी. हुगळीकाठच्या श्रीरामपुराहून तो नावेने येई. विद्यार्थ्यांपुढे ठेवायला पुस्तक नव्हते, म्हणून त्याने १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापले आणि १८१० मध्ये कोश. कोशातले मराठी शब्द मोडीत आहेत, त्यासाठी मोडीचे खिळे पाडले गेले. हाताशी पंडित वैजनाथ होते. पुण्यात पेशवाई नांदत असताना मराठी छपाईचा हा खटाटोप बंगालमध्ये चालला होता! कॅरीचे नाव आपण निदान घेतो तरी. वैजनाथांच्या वाट्याला तळटीपच आली. मला हा हिशेब चुकता वाटत नाही.

८ डिसेंबर १९३० रोजी बिनय बसू, बादल गुप्ता आणि दिनेश गुप्ता हे तीन क्रांतिकारक तरुण विलायती पोशाखात याच इमारतीत शिरले आणि त्यांनी तुरुंग खात्याचा महानिरीक्षक सिम्पसन याला गोळ्या घातल्या. पोलिसांशी चकमक व्हरांड्यातच झाली. बादलने विष घेतले, बिनय जखमांनी पाच दिवसांत गेला, दिनेश ७ जुलै १९३१ रोजी फासावर चढला. समोरच्या डलहौसी चौकाला आता या तिघांचे नाव आहे: बिबादी बाग.

स्वातंत्र्यानंतरही राज्याचा कारभार इथूनच चाले. ज्योती बसू तेवीस वर्षे इथे मुख्यमंत्री होते. २०१३ मध्ये ममता बॅनर्जी सरकारने दुरुस्तीसाठी म्हणून बिऱ्हाड हावड्याला ‘नबान्न’मध्ये हलवले.

कधी कोलकात्याला गेलात तर देव पाहून झाल्यावर मागच्या बाजूलाही वळा. त्या रस्त्याला सुताराचे नाव आहे, लायन्स रेंज. कलकत्त्याचा शेअर बाजार तिथेच भरत असे.