विजेशिवाय चालणारा प्रीॲम्प

पॅसिव्ह प्रीॲम्प म्हणजे एका डब्यात व्हॉल्यूमचा पॉट, सिलेक्टर स्विच आणि थोडी वायर. प्लग नाही, ट्रान्झिस्टर नाही. तो आवाज वाढवत नाही. आलेला सिग्नल हवा तेवढा कमी करून पुढे सोडतो. सीडी प्लेयर किंवा डॅक मुळातच सुमारे २ व्होल्ट देतो आणि बऱ्याच पॉवर ॲम्पना पूर्ण ताकदीसाठी त्याहून कमी पुरतात, म्हणून हे जमतं. टर्नटेबलच्या नेहमीच्या एमएम कार्ट्रिजमधून मात्र जेमतेम ५ मिलिव्होल्ट येतात. तिथे फोनो स्टेज हवीच.

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेलात तर १० किलोओहमचा स्टिरिओ पॉट मागा, आणि तोही लॉग. लिनियर लावलात तर नॉब जरासा फिरताच आवाज अंगावर येतो. ५० किलोओहमचा पॉट आणि १० मीटर केबल ही जोडी टाळाच. मीटरला १०० पिकोफॅरड धरले, तर नॉबच्या मधल्या टप्प्यात १५ किलोहर्ट्झच्या आसपास ३ डेसिबल जातात आणि झांजांची चमक उतरते. ॲम्प शेजारीच ठेवा, मीटरभर केबल पुरे.

मुंबईतल्याच गोराईकरांची खरी डोकेदुखी वेगळीच: खाडीवरून येणारी खारी, दमट हवा. ती पॉटमध्ये आणि आरसीए सॉकेटवर बसते, मग नॉब फिरवला की स्पीकरमधून खर्रखर्र. सीलबंद पॉट आणि सोन्याचा मुलामा दिलेली सॉकेट्स घ्या. खरखर सुरू झालीच तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. शिवणयंत्राचं तेल नको.