डोळ्यावरची गाठ आणि सुरीची धास्ती

"कॅन्सरला सुरी लागली की तो पसरतो." डोळ्याच्या पांढऱ्या भागावर गाठ आली आणि डॉक्टरांनी कॅन्सरच्या शंकेने ती काढायला सांगितली, की घरात कुणीतरी हे वाक्य बोलतंच. वर्षानुवर्षं तेच ऐकतो आहे. मग ऑपरेशन लांबतं. गाठ मात्र थांबत नाही. ती बुबुळावर सरकते, आणि जिथे साध्या इलाजात काम झालं असतं तिथे डोळ्यावर बेततं.

नीट चालवलेल्या सुरीमुळे कॅन्सर पसरत नाही. अर्धवट काढल्यामुळे तो परत येतो. 'मांस वाढलंय' असं समजून गाठ वरवर खरवडली, तर कडेच्या पेशी तिथेच राहतात आणि पुन्हा वाढतात. लोक हे पाहतात आणि दोष सुरीला देतात.

नेमकी हीच चूक टाळण्यासाठी या शस्त्रक्रियेची पद्धत बसवलेली आहे. गाठीला चिमट्यानेही धरायचं नाही. भोवतीचं सुमारे 4 मिलिमीटर निरोगी आवरण धरून ती अखंड उचलायची. बुबुळावर पसरलेल्या पेशी अल्कोहोलने सैल करून काढायच्या. उरलेल्या कडा अतिथंड उपकरणाने दोनदा गोठवायच्या, म्हणजे नजरेला न दिसणाऱ्या पेशीही मरतात. उघडी जागा मोठी असेल तर तिच्यावर वारेचा पातळ पापुद्रा लावतात. पेशी फैलावू नयेत याची एवढी काळजी घेतल्यावरही 'सुरी नको' म्हणणं म्हणजे रोगाला मोकळं रान देणं आहे.

गाठ परत येते ती मागे राहिलेल्या पेशींमुळे, यावर विश्वास बसत नसेल, तर 2016 साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आलेला केनियातला अभ्यास पाहावा. तिथे गाठ काढल्यावर काही रुग्णांना चार आठवडे फ्लुरोयुरॅसिल या केमोथेरपीच्या औषधाचे थेंब दिले, काहींना औषध नसलेले. वर्षभरात औषधवाल्या 47 जणांपैकी 5 जणांची गाठ परतली. दुसऱ्या गटात 47 पैकी 17 जणांची. ऑपरेशन सगळ्यांचंच झालं होतं. फरक पडला तो मागे राहिलेल्या पेशींवर औषध घातल्याने.

आता बाकीचे समज. 'डोळाच काढावा लागतो': रोग डोळ्याच्या आत किंवा खोबणीत शिरला तरच ती वेळ येते. 'केमोथेरपीने केस जातील': थेंबांनी जात नाहीत, डोळा लाल होतो, चुरचुरतो. काही गाठी तर मायटोमायसिन, फ्लुरोयुरॅसिल किंवा इंटरफेरॉनच्या थेंबांवरच विरतात. 'दुखत नाही, म्हणजे साधीच': सुरुवातीला ती बहुधा दुखतच नाही. 'हा म्हातारपणाचा रोग': उन्हात राबणाऱ्यांना आणि एचआयव्ही असणाऱ्यांना तो तरुणपणीही होतो, म्हणून तरुण रुग्णाची एचआयव्ही तपासणी सुचवली तर रागावू नये. मध आणि आईचं दूध डोळ्यात घालणं तर आजच थांबवा, त्याने जंतुसंसर्ग होऊ शकतो.

साधं मांस बहुधा नाकाच्या बाजूने त्रिकोणी, सपाट वाढतं. गाठ जेलीसारखी फुगीर असेल, वर पांढरट थर असेल किंवा जाड रक्तवाहिन्या तिच्याकडे धावत असतील, तर शंका घ्यायलाच हवी. खात्री मात्र सूक्ष्मदर्शकाखालीच होते. म्हणून डोळ्यातलं 'मांस' काढून घ्याल, तेव्हा ते फेकून देऊ देऊ नका. पॅथॉलॉजीकडे पाठवायला सांगा आणि रिपोर्ट स्वतःकडे ठेवा.