गाळप थांबले, मग बेकार किती?

दिवाळीच्या आसपास माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगरच्या छत्रपती या साखर कारखान्यांचे गाळप सुरू होते, तशा बारामती-इंदापुरात ऊसतोडणीच्या टोळ्या उतरतात. मार्च-एप्रिलकडे पट्टा पडला, म्हणजे गाळप संपले, की त्या मराठवाड्यात परततात. कारखान्यातले हंगामी कामगारही घरी बसतात. मे महिन्यात ही माणसे बेरोजगार म्हणायची का?

ते किती दिवसांचा हिशेब मांडता, यावर ठरते.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय २०१७ पासून आवर्ती श्रमबल सर्वेक्षण करते. त्यात बेकारी दोन मापांनी मोजतात. ‘नेहमीच्या स्थिती’त मागचे ३६५ दिवस पाहतात, त्यात ३० दिवसांचे दुय्यम कामही रोजगार ठरते. ‘साप्ताहिक स्थिती’त मागच्या सात दिवसांत एक तास काम पुरते. त्यामुळे तोच तोडणी कामगार वर्षाच्या हिशेबात रोजगारात, पण मे महिन्यात काम शोधत रिकामा असेल, तर आठवड्याच्या हिशेबात बेकार. २०२३-२४ मध्ये देशाचा बेकारीचा दर पहिल्या मापाने ३.२ टक्के, तर दुसऱ्याने ४.९ टक्के होता.

हा दर लोकसंख्येवर नव्हे, श्रमबलावर काढतात. काम न करणारा, न शोधणारा आणि कामाला तयारही नसणारा त्यात धरत नाहीत.

बेकारीचे प्रकारही वेगवेगळे. तोडणी कामगाराची बेकारी हंगामी. दोघांत उरकणाऱ्या दोन एकरांत घरचे पाच जण राबतात, ती छुपी. पदवी आहे, पण एमआयडीसीला हवे ते कौशल्य नाही, ती संरचनात्मक. हंगामी बेकारीवर महाराष्ट्राने १९७७ सालीच रोजगार हमी कायदा केला. त्या योजनेमागे वि. स. पागे होते.