कॅरमचा नेम: आधी हिशेब, मग हात

गावागावांत नेम धरायचा घरोघरचा खेळ म्हणजे कॅरम. पूल किंवा बिलियर्ड्सला मोठे टेबल, काठी आणि क्लब लागतो. कॅरमला बोर्ड, चार माणसे आणि चिमूटभर बोरिक पावडर पुरते. नेमाचा मूळ हिशेब मात्र तिन्ही खेळांत एकच आहे. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ साली बिलियर्ड्सचे जागतिक हौशी अजिंक्यपद मिळवले, तर मुंबईच्या प्रशांत मोरे यांनी २०१६ साली बर्मिंगहॅमला कॅरमचे. अशा खेळाडूंकडे पाहून ‘याच्या हातातच नेम आहे’ असे आपण म्हणतो. तो नेम हातात येतो कसा, हे एकेक पायरीने पाहू.

पहिली पायरी, जागा. पूलमध्ये पांढरा चेंडू जिथे थांबला तिथूनच मारावे लागते. कॅरममध्ये स्ट्रायकर आपल्या ४७ सेंटिमीटरच्या रेषेवर हवा तिथे ठेवता येतो. म्हणून बोट उचलण्याआधी पॉकेटकडून सोंगटीकडे नजर न्यावी, ती रेषा तशीच मागे वाढवावी आणि स्ट्रायकर तिच्या जितका जवळ ठेवता येईल तितका ठेवावा. निम्मा नेम इथेच साधतो.

दुसरी पायरी, स्पर्श. सोंगटी जाते ती धडकेच्या क्षणी स्ट्रायकर आणि सोंगटी यांच्या केंद्रांना जोडणाऱ्या रेषेवरून. त्यामुळे सोंगटीवर पॉकेटच्या बरोबर विरुद्ध बाजूच्या बिंदूवर स्पर्श व्हायला हवा. नवशिके स्ट्रायकरचे केंद्र त्या बिंदूवरच रोखतात आणि कट शॉटला (सोंगटी बाजूला वळवायच्या फटक्याला) सोंगटी जाड लागते, म्हणजे पुरेशी वळत नाही; जास्त वळली तर ती पातळ लागली. कारण स्ट्रायकरलाही जाडी आहे. त्याचा व्यास नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ४.१३ सेंटिमीटर, तर सोंगटीचा साधारण ३.१. दोघे टेकतात तेव्हा केंद्रांमधले अंतर सुमारे ३.६ सेंटिमीटर असते. सोंगटीच्या मागे, पॉकेटच्या रेषेत, तेवढ्या अंतरावर एक काल्पनिक स्ट्रायकर ठेवलेला आहे असे समजायचे आणि खरा स्ट्रायकर त्याच्या जागी पोचवायचा. पूलचे खेळाडू हाच काल्पनिक चेंडू डोळ्यांसमोर आणतात.

एक खूणगाठ लक्षात ठेवण्याजोगी आहे. स्ट्रायकरचे केंद्र सोंगटीच्या बाहेरच्या कडेवर रोखले, तर सोंगटी मूळ दिशेपासून सुमारे २५ अंशांनी वळते. पूलचे चेंडू सारख्या आकाराचे असल्याने तिथे हाच कोन ३० अंश येतो. ही एक जागा पक्की झाली की इतर कट त्याहून जाड की पातळ, एवढेच ठरवायचे उरते.

तिसरी पायरी, चुकीला किती जागा आहे ते ओळखणे. सरळ शॉटला स्ट्रायकर १ मिलिमीटर बाजूला लागला, तर ३० सेंटिमीटर पुढे सोंगटी सुमारे ८ मिलिमीटर सरकलेली असते. ६० अंशांच्या कटला हीच चूक दुप्पट होते. पॉकेटचा व्यास ४.४५ सेंटिमीटर, मधोमध गेलेल्या सोंगटीच्या दोन्ही बाजूंना ७ मिलिमीटरसुद्धा उरत नाहीत. म्हणून लांबचा पातळ कट हा शेवटचा पर्याय ठेवावा. शिवाय धडकेच्या वेळी घर्षणामुळे सोंगटी स्ट्रायकरच्या दिशेला किंचित ओढली जाते. कट शॉट हिशेबापेक्षा केसभर पातळ घ्यायचा तो यासाठी.

चौथी पायरी, स्ट्रायकरचे पुढे काय होणार. तो १५ ग्रॅमपर्यंत, सोंगटी ५ ते ५.५ ग्रॅम. सरळ धडकेनंतरही त्याचा जवळजवळ निम्मा वेग शिल्लक राहतो आणि एका सोंगटीला लागून तो फार तर सुमारे २१ अंश वळतो. म्हणूनच तो सोंगटीच्या मागोमाग पॉकेटात पडतो आणि फाऊल होतो. पॉकेटाजवळच्या सोंगटीला अगदी सरळ न मारता हलका कट द्यावा, म्हणजे स्ट्रायकर पॉकेटऐवजी शेजारच्या फ्रेमवर आदळेल. पूलमध्ये दोन्ही चेंडू सारख्या वजनाचे; फिरकी नसेल तर सरळ धडकेत पांढरा चेंडू जागीच थांबतो.

एवढे सगळे मारताना आठवायचे का? नाही. हिशेब स्ट्रायकर ठेवेपर्यंतच करायचा. कॅनडाच्या संशोधक जोन विकर्स यांनी नेमाच्या खेळांतील नजरेचा अभ्यास केला. कुशल खेळाडूंची नजर हालचाल सुरू होण्याआधी लक्ष्यावर अधिक काळ स्थिर राहते, असे त्यांना आढळले. पुढे बिलियर्ड्सच्या खेळाडूंवर झालेल्या संशोधनातही हेच दिसले, आणि शॉट जितका अवघड तितकी नजर जास्त वेळ टिकली. मारताना आपल्या बोटाकडे लक्ष गेले की हात बिघडतो. लक्ष सोंगटीवरच्या बिंदूवर हवे.

ज्याला आपण अंतःप्रेरणा म्हणतो ती या हिशेबाविरुद्ध नाही. हजारो शॉटांचे निकाल डोळ्यांनी पाहिले आणि हाताने साठवले, की तोच हिशेब न मांडता सुटतो. मात्र त्यासाठी प्रत्येक शॉटनंतर सोंगटी जाड लागली की पातळ, हे स्वतःला सांगावे लागते. नुसती ‘गेली’ किंवा ‘हुकली’ एवढीच नोंद ठेवणाऱ्याचा हात वर्षानुवर्षे तिथेच राहतो.

तेव्हा सरावाला बसाल तेव्हा सगळ्या सोंगट्या मांडू नका. एकच सोंगटी एकाच जागी ठेवा, कडेवर नेम धरून २५ अंशांचा कट मारा, जाड की पातळ ते बोला, आणि पुन्हा तिथेच ठेवा. तो कट बसल्यावरच सोंगटीची जागा बदला. हात असाच बसतो.