गाडीची घरगुती देखभाल



मागच्या उन्हाळ्यात आमच्या कारच्या सर्व्हिसिंगचे बिल आले. एसीचा केबिन फिल्टर बदलण्याची मजुरी फिल्टरच्या किमतीच्या निम्मी होती! घरी येऊन गाडीसोबतचे पुस्तक उघडले. डॅशबोर्डचा खण काढायचा, जुना फिल्टर ओढायचा, त्यावरील बाणाची दिशा पाहून नवा बसवायचा. दहा मिनिटांचे काम. पेचकसही लागला नाही. (या शब्दाला पुण्याचे पाहुणे हसतात, पण आपल्या इंदुरी मराठीत तो मुरला आहे.)

पीथमपूरला कायनेटिक होंडा तयार होत असे, त्या काळी स्कूटरचा प्लग आम्ही स्वतःच काढून, घासून बसवत होतो. कार आली आणि बॉनेट उघडण्याचीही भीती वाटू लागली.

खरा पैसा वाचतो तो टायरमध्ये. हवा कमी असली की टायरच्या कडा झिजतात, पेट्रोल जास्त लागते. शिवाय टायरच्या बाजू सतत दबून तापतात, आणि मे महिन्यात हायवेवर असा टायर फुटला तर प्रश्न पैशाचा राहत नाही. गेज घेऊन पंधरा दिवसांनी एकदा, सकाळी, टायर थंड असताना हवा तपासावी. किती हवी, तो आकडा बहुधा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो.

ऑइल पाहताना गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद करावे व काही मिनिटे थांबावे. पट्टी पुसून पुन्हा बुडवावी. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवे. बॅटरीच्या टोकांवर पांढरी भुकटी जमली तर हातमोजे घालून, आधी उणे चिन्हाची तार काढून, खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून ब्रशने घासावे. कोरडे करून व्हॅसलीन लावावे. तार जोडताना उणे शेवटी.

रेडिएटरचे झाकण इंजिन गरम असताना मुळीच उघडू नये. उकळते पाणी तोंडावर उडते. ब्रेक, स्टिअरिंग आणि एअरबॅगला हात लावू नये. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये. ऑइल बदलणेही मी गॅरेजवरच सोडतो, कारण काढलेले काळे ऑइल नालीत ओतणे आपल्या शहराला शोभत नाही.

हवेचा एक गेज शाळेच्या कार्यालयात ठेवला आहे. शनिवारी मुलांना घ्यायला येणाऱ्या पालकांनी तो मागून घ्यावा, आणि आकडा मुलांना वाचू द्यावा.