शिंगराच्या नाकातून दूध आले तर

नवजात शिंगराला दूध नीट गिळता येत नसेल, तर त्याच्या जिवाला दोन बाजूंनी धोका असतो. पोटात पुरेसे दूध न गेल्याने ते काही तासांतच गळून जाते, आणि वाट चुकलेले दूध श्वासनलिकेतून फुप्फुसात उतरले तर न्यूमोनिया होतो. गिळण्याचा दोष बहुधा बरा होऊ शकतो, पण फुप्फुसे बिघडली की उपचार अवघड होतात. म्हणून या आजारात सर्वात मोलाची गोष्ट म्हणजे वेळेवर ओळख.

पुणे जिल्ह्यात हा विषय दूरचा नाही. मावळातील नाणोलीसह पुण्याच्या परिसरातील स्टड फार्मवर शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांची पैदास होते, तर लोणावळा-खंडाळ्यात पर्यटकांना फिरवणारे घोडे लहान मालकांच्या दावणीला असतात. भारतात थरोब्रेड शिंगरांचा जन्म मुख्यतः जानेवारीपासून उन्हाळा लागेपर्यंत होतो. हंगामाच्या सुरुवातीला मावळात रात्री चांगलाच गारठा असतो, आणि उपाशी शिंगरू थंडीने लवकर गारठते.

निरोगी शिंगरू साधारण तासाभरात उभे राहते आणि दोन तासांत कासेला लागते. वजन सुमारे 45 ते 55 किलो असते. पहिले दूध म्हणजे चीक; रोगप्रतिकारक द्रव्ये त्यातूनच मिळतात. ती शोषून घेण्याची आतड्यांची क्षमता पहिल्या सहा ते आठ तासांत सर्वाधिक असते आणि दिवसभरात जवळजवळ संपते. त्यामुळे सकाळपर्यंत वाट पाहण्यात चिकाची वेळ निघून जाऊ शकते.

पहिली खूण नाकपुड्यांपाशी दिसते: पिताना किंवा पिऊन झाल्यावर दोन्ही नाकपुड्यांतून दूध ओघळते. पिताना खोकला येतो, छातीत घरघर होते. गळ्याच्या खालच्या टोकाला, श्वासनलिका छातीत शिरते तिथे, पिल्यानंतर हात ठेवला तर आतली घरघर बोटांना जाणवते. घोडीची कासही बोलकी असते. शिंगरू वारंवार कासेखाली जाते, तरी कास तटतटलेली, सडांतून दूध ठिबकणारे आणि शिंगराचे कपाळ दुधाने माखलेले असेल, तर दूध पोटात जात नाही असे समजावे.

घोड्याचे मऊ टाळू लांब असते आणि एरवी श्वासनलिकेवरच्या झाकणाखाली घट्ट बसते. म्हणून घोडा फक्त नाकाने श्वास घेतो. गिळताना टाळू क्षणभर वर उचलले जाते आणि परत जागेवर बसते. हा ताळमेळ चुकला की दूध नाकात किंवा श्वासमार्गात जाते. दिवस भरण्याआधीचा जन्म, अशक्तपणा, किंवा जन्मावेळी मेंदूला प्राणवायू कमी पडणे ही त्याची नेहमीची कारणे आहेत. काही शिंगरांत घशाचे स्नायू नुसते उशिरा कामाला लागतात. सेलेनियमच्या कमतरतेने जीभ व घशाचे स्नायू दुबळे होतात. टाळू दुभंगलेले असणे किंवा झाकणाखाली गाठ असणे हे जन्मजात दोष त्यामानाने विरळ. दोन-तीन आठवड्यांच्या शिंगराचे अंग थरथरू लागले आणि गिळणे बंद झाले, तर बोटुलिझमचा संशय घ्यावा लागतो.

तोंड उघडून पाहिल्याने निदान पक्के होत नाही. टाळूच्या मागच्या कडेची फट तशी दिसतच नाही. पशुवैद्य नाकातून एंडोस्कोप घालून टाळू, झाकण आणि घसा पाहतात. शक्यतो गुंगीचे औषध न देता पाहतात, कारण गुंगीने टाळू सैल पडून चुकीचे चित्र दिसते. फुप्फुसांसाठी सोनोग्राफी किंवा एक्स-रे काढतात. रक्तात साखर, पांढऱ्या पेशी, प्रतिकारद्रव्यांचे प्रमाण आणि गरजेप्रमाणे सेलेनियम तपासतात.

उपचाराची पहिली पायरी म्हणजे तोंडाने दूध पाजणे थांबवणे. शिंगराला मुसके बांधून आईजवळच ठेवतात, घोडीचे दूध दर दोन तासांनी काढतात आणि नाकातून जठरापर्यंत घातलेल्या मऊ नळीने देतात. पहिल्या दिवशी वजनाच्या सुमारे दहा टक्के दूध पुरते: 50 किलोच्या शिंगराला पाच लिटर, म्हणजे दर दोन तासांनी साधारण 400 मिलिलिटर. सोसेल तसे ते प्रमाण 20 टक्क्यांपर्यंत वाढवतात. नळी अन्ननलिकेतच आहे याची खात्री पशुवैद्यच करतो. दूध देताना शिंगरू उभे किंवा छातीवर बसलेले असावे, आडवे कधीच नसावे. मान वर ताणून बाटलीने पाजणे ही मायेपोटी होणारी सर्वात घातक चूक आहे. दूध थेट फुप्फुसात जाते.

चीक वेळेत मिळाला नसेल तर शिरेतून प्लाझ्मा देतात. न्यूमोनियासाठी प्रतिजैविके, गरज पडल्यास प्राणवायू, आणि सेलेनियम कमी असल्यास व्हिटॅमिन ईसह त्याचे इंजेक्शन देतात. सेलेनियमची जादा मात्रा विषारी ठरते, म्हणून ते मनाने टोचू नये.

अशक्तपणामुळे आलेला दोष बऱ्याच शिंगरांत काही दिवसांत किंवा आठवड्यांत ओसरतो. पशुवैद्य पुन्हा तपासून आधी थोडे पिऊ देतात. काही शिंगरांना खाली ठेवलेल्या पसरट भांड्यातून, डोके खाली ठेवून पिणे सोपे जाते. झाकणाखालची गाठ शस्त्रक्रियेने काढता येते. दुभंगलेल्या टाळूचे टाके मात्र अनेकदा उसवतात. मोठी फट असेल तर भवितव्य अनिश्चितच राहते आणि मालकाला ते आधीच स्पष्ट सांगावे लागते.

नाकातून दूध दिसल्याबरोबर पाजणे थांबवून पशुवैद्याला बोलावणे, शिंगराला उबेत ठेवणे आणि घोडीचा चीक काढून ठेवणे एवढे प्रत्येक मालकाला आणि मोतद्दाराला करता येते. स्टड फार्मवरच्या किमती शिंगरासाठी आणि पर्यटकांना फिरवणाऱ्या घोडीच्या शिंगरासाठी हा पहिला उपाय एकच आहे.