पलटणीतून घरी

लढायांच्या तारखा ग्रंथांत मिळतात. शिपाई घरी परतल्यावर त्याचे काय झाले, हे मात्र बहुधा त्यालाच विचारावे लागते. १११ वी महार पलटण १९१७ साली उभी राहिली व १९२१ साली मोडली. गणवेश उतरताच त्या शिपायांस गावी जुनीच वतनी कामे व जुनीच अस्पृश्यता भेटली. आजची अडचण निराळी. नियमित भरतीच्या शिपायास १५ वर्षांच्या नोकरीनंतर पेन्शन मिळते. त्यामुळे ऐन पस्तिशी-चाळिशीत त्याला दुसरा उद्योग शोधावा लागतो. बारामती-इंदापुराकडील निवृत्त शिपायांची हकीकत मिळवू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी आधी पराक्रम विचारू नये. घरचे पहिले वर्ष कसे गेले, नीरेच्या कालव्याखालची शेती पुन्हा अंगवळणी पडली काय, हे विचारावे. आणि घरधनिणीसही विचारावे, कारण इतकी वर्षे घर बहुधा तिनेच चालविलेले असते.